गिझर आणि पाण्याच्या मोटरसाठी टायमर स्विच कसा निवडावा

टायमर घ्यायला दुकानात गेलं की एकच सल्ला मिळतो: "सोळा अँपिअरचा घ्या, सगळ्याला चालतो." सगळ्याला चालत नाही. गिझरला उत्तम चालतो. तोच पाण्याच्या मोटरवर लावला तर लवकरच खराब होतो, आणि खराब होतो तेव्हा बहुधा मोटर चालूच राहते. म्हणून टायमर कशावर बसवायचा हे घरीच ठरवा.

कशावर बसवायचा नाही

फ्रिजवर कधीच नाही. एसीच्या रिमोटमध्ये टायमर असतोच, तो वापरा. बटणांचं वॉशिंग मशीन आणि इंडक्शन शेगडी नुसता वीजपुरवठा सुरू झाल्याने चालू होत नाहीत, तिथे टायमरचा उपयोग नाही. इस्त्री आणि रूम हीटर घरात कुणी नसताना आपोआप सुरू होणं धोक्याचं आहे, तेव्हा त्यांचं नावच काढू नका.

लोड मोजा

उपकरणावरच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्यांना २३० ने भागा. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३. दोघांनाही जाड पिनांचा १६ अँपिअरचाच टायमर लागतो. ६ अँपिअरचा टायमर कन्व्हर्टर लावून गिझरला जोडू नका, प्लग वितळतो.

मोटर असेल तर इथे थांबा

हा भाग समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण दुकानदार तो सांगत नाही आणि खोक्यावर फक्त १६ हा आकडा ठळक छापलेला असतो. टायमर उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच टायमरवर १६ च्या पुढे कंसात २ किंवा ४ असा दुसरा आकडा असतो. बाहेरचा १६ गिझरच्या कॉइलसारख्या, नुसती उष्णता देणाऱ्या लोडसाठी. कंसातला आकडा मोटरसारख्या लोडसाठी. म्हणजे ज्याला आपण सोळाचा टायमर म्हणतो, तो मोटरच्या हिशेबाने दोनचा किंवा चारचा असतो.

एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट. नेमक्या त्याच क्षणी टायमरमधले छोटे कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे धातूचे ठिपके, एकमेकांवर आपटून किंचित उसळतात, ठिणगी पडते आणि धातू वितळतो. बंद होताना मोटरची वाइंडिंग प्रवाह सहज तुटू देत नाही, त्यामुळे ती ठिणगी आणखी लांबते. आमच्या इमारतीत एकदा टायमरने वेळेवर मोटर बंद केल्याचं दाखवलं, तरी गच्चीवरची टाकी वाहतच होती. तो टायमर मी उघडून पाहिला. आतल्या प्लॅस्टिकवर काजळी धरली होती आणि वाटाण्याहून लहान असे दोन कॉन्टॅक्ट एकमेकांना असे चिकटले होते की स्क्रू ड्रायव्हरने उचकटावे लागले.

तेव्हा माझं मत पक्कं आहे: मोटरचा प्रवाह टायमरमधून नेऊच नका. मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की जोडला जाणारा दणकट स्विच, बसवा. टायमरने फक्त त्याची कॉइल चालू-बंद करावी आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा. कॉन्टॅक्टर घेताना "मोटर ड्यूटीचा, एसी-३ रेटिंगचा" असं स्पष्ट सांगा. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. "एवढ्याशा मोटरला कशाला कॉन्टॅक्टर" असं तो म्हणाला तर ऐकू नका.

मोटरबाबत आणखी एक. टाकीत पाणी आहे की नाही हे टायमरला कळत नाही. नळाला पाणी आलं नाही, खालची टाकी रिकामी राहिली, तरी ठरल्या वेळी मोटर सुरू होते आणि कोरडी फिरून तिचं सील जळतं. खालच्या टाकीत फ्लोट स्विच, म्हणजे पाणी संपलं की मोटर बंद ठेवणारा तरंगता स्विच, नसेल तर मोटरला टायमर लावू नका.

वीज गेल्यावर काय होतं ते विचारा

चकतीचा, खुंट्यांचा टायमर साधा आणि टिकाऊ. एक खुंटी म्हणजे बहुधा १५ मिनिटं. पण त्याचं घड्याळ विजेवर चालतं. दोन तास लोडशेडिंग झालं की ते दोन तास मागे पडतं आणि सहाचं पाणी आठला तापतं. वीज वारंवार जात असेल तर आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. घेतल्यावर वेळ लावून रात्रभर प्लग काढून ठेवा. सकाळी वेळ बरोबर नसेल तर परत करा. स्मार्ट प्लग घ्यायचा असेल तर वीज परत आल्यावर तो बंदच राहील अशी सेटिंग ॲपमध्ये आहे का ते आधी बघा. नसेल तर भरदुपारी रिकाम्या घरात गिझर सुरू होईल.

गिझरची वेळ

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटच्या गिझरला साधारण १८ मिनिटं लागतात, २५ लिटरला अर्धा तास. थंडीत पाच-सात मिनिटं जास्त धरा. एवढीच वेळ लावा. घरात आंघोळीच्या वेळा ठरलेल्या नसतील तर बटण दाबल्यावर अर्ध्या तासाने आपोआप बंद होणारा काउंटडाउन टायमर जास्त कामाचा. टायमर बाथरूमच्या बाहेर बसवा.

एलईडी दिव्यासाठी

न्यूट्रल जोडायची सोय असलेलाच घ्या. न्यूट्रल नसलेल्या काही टायमरमधून बंद असतानाही थोडा प्रवाह दिव्यातून जातो आणि दिवा मिणमिणत राहतो.

बसवल्यावर

पहिल्या दिवशी गिझर पूर्ण वेळ चालू द्या. मग सॉकेट बंद करून टायमरला आणि पिनांना हात लावा. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला किंवा जळका वास आला तर पिना सैल आहेत. कुठल्याही देशाची पिन बसेल असं तोंड असलेल्या टायमरमध्ये हे हमखास होतं. तो काढून टाका, सॉकेटही वायरमनला दाखवा, आणि आपल्या गोल पिनांचा, आयएसआय मार्क असलेला टायमर आणा.