पालकांना ग्रुप मेल पाठवताय? मग आधी यादी नीट लावा

व्हॉट्सअॅपवर गुड मॉर्निंगच्या ढिगात सहलीची सूचना हरवते म्हणून हल्ली बऱ्याच शाळा मेलकडे वळल्यात, पण तिथेही गोंधळ होतोच.

वर्ग लहान असेल तर गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये '५ वी ब २०२५-२६' असं लेबल करा, सगळे पालक त्यात टाका, मेल लिहिताना लेबलचं नाव टाईप केलं की सगळे पत्ते आपोआप येतात. पण पत्ते बीसीसीतच (म्हणजे ज्या रकान्यातले पत्ते इतरांना दिसत नाहीत त्यात) टाका हं! 'टू'मध्ये टाकले तर प्रत्येकाचा मेल आयडी सगळ्या वर्गाला दिसतो आणि मग कोणीतरी रिप्लाय ऑल करून 'ओके मॅडम' म्हणतं, मग दुसरं, मग तिसरं, आणि कुणाचे तरी क्लासवाले त्याच पत्त्यांवर जाहिराती पाठवायला लागतात.

अख्ख्या शाळेसाठी मात्र गुगल ग्रुप्स (ग्रुपच्या एकाच पत्त्यावर मेल टाकला की सगळ्या मेंबरना जातो) बरं, कारण साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांच्या वर मेल जात नाही. ग्रुपच्या सेटिंगमध्ये पोस्ट करायची परवानगी फक्त ओनर आणि मॅनेजरला द्या, मेंबरची यादीही पालकांना दिसू देऊ नका. ओनर निदान दोघं ठेवा, एकाच बाईंच्या पर्सनल अकाउंटवर सगळं असलं आणि त्यांची बदली झाली की बोंबला!

आई आणि बाबा दोघांचेही आयडी घ्या. जूनमध्ये जुनी यादी तशीच पुढे ढकलू नका, शाळा सोडून गेलेल्यांची नावं काढा, ज्यांचे मेल बाउन्स होऊन परत येतात ते पत्ते फोन करून दुरुस्त करा. आणि सब्जेक्टमध्ये नुसतं 'महत्त्वाचे' लिहू नका हो, '५ वी ब : सहलीचे पैसे शुक्रवारपर्यंत' असं लिहा.