कंटेनरमध्ये एकच टेस्ट चालवायची आणि डीबग करायची कशी

सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) एखादी टेस्ट फेल होते आणि लॅपटॉपवर थेट चालवली की पास होते. अशा वेळी सगळ्या टेस्ट पुन्हा पुन्हा चालवण्यात अर्थ नाही. तीच एक टेस्ट, त्याच इमेजमधून (म्हणजे कंटेनर ज्या साच्यावरून उभा राहतो त्यातून), एकटी चालवा. खालची उदाहरणं डॉकर कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन), पायथन आणि पायटेस्ट (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) यांची आहेत. सर्व्हिसचं नाव ‘ॲप’ आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सर्व्हिसचं ‘डीबी’ असं धरलं आहे.

पहिला निर्णय ‘एक्झेक’ की ‘रन’ हा. ‘एक्झेक’ चालू कंटेनरमध्येच शिरतं, त्यामुळे झटपट होतं. पण तिथे आधीच्या कामाच्या तात्पुरत्या फायली आणि हाताने टाकलेली पॅकेजेस तशीच पडलेली असतात. कारण शोधायचं असेल तर नवा कंटेनर उभा करणारं ‘रन’ घ्या:

डॉकर कंपोज रन --आरएम ॲप पायटेस्ट टेस्ट्स/टेस्ट_बिल.पीवाय::टेस्ट_सवलत -एक्स -व्हीव्ही

‘-एक्स’ पहिल्या फेलवर थांबतं, ‘-व्हीव्ही’ सविस्तर तपशील दाखवतं. ‘--आरएम’मुळे काम संपताच कंटेनर पुसला जातो. टेस्टने लिहिलेली लॉग फाइल किंवा स्क्रीनशॉट नंतर बघायचा असेल तर हा फ्लॅग काढा. थांबलेल्या कंटेनरमधूनही ‘डॉकर सीपी’ने फायली बाहेर काढता येतात.

टेस्ट क्लासच्या आत असेल तर फाइल, क्लास, मेथड अशा क्रमाने मध्ये दोन-दोन कोलन येतात. पॅरामीटर असलेल्या टेस्टच्या नावात चौकटी कंस असतात, म्हणून पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर काही शेल त्या कंसांचा वेगळाच अर्थ लावतात. ‘-के’ सोपं वाटतं, पण ते नावाचा तुकडा जुळवतं. ‘सवलत’ दिलं तर ‘सवलत_शून्य’ही चालेल. ‘-के’ला काहीच जुळलं नाही तर पायटेस्ट 5 हा एक्झिट कोड देतो. म्हणजे टेस्ट फेल झालेली नाही, ती चाललीच नाही. इतर साधनांत एकच टेस्ट निवडायला: जावास्क्रिप्टच्या जेस्टमध्ये ‘-टी’, जावाच्या मेवनमध्ये ‘-डीटेस्ट=क्लास#मेथड’. गो भाषेत ‘-रन’ला रेग्युलर एक्स्प्रेशन (नाव जुळवणारा नमुना) लागतं, म्हणून नावाला ^ आणि $ लावा आणि सोबत ‘-काउंट=1’ द्या; नाहीतर जुना पास झालेला निकाल कॅशमधून समोर येऊ शकतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट: आत्ता बदललेला कोडच चालतोय का? इमेज बनवणाऱ्या डॉकरफाइलमधलं ‘कॉपी’ फक्त बिल्डच्या वेळी होतं. कोडचं फोल्डर माउंट केलेलं (बाहेरून कंटेनरच्या आत जोडलेलं) नसेल तर तुम्ही कितीही बदल करा, आत जुनाच कोड चालणार. खात्री करायला टेस्टच्या पहिल्या ओळीत ‘असर्ट फॉल्स’ लिहा. तरीही टेस्ट पास झाली तर इमेज पुन्हा बिल्ड करा किंवा फोल्डर माउंट करा. हे तपासल्याशिवाय डीबगरला हात लावू नका. माउंटचाही एक त्रास आहे: तो इमेजमधल्या त्याच जागेच्या फोल्डरवर बसतो आणि बिल्डमध्ये तयार झालेलं नोड मॉड्यूल्स किंवा कंपाइल केलेलं एक्स्टेन्शन झाकून टाकतो. पायटेस्ट ‘इम्पोर्ट फाइल मिसमॅच’ म्हणत असेल तर बाहेर आणि आत तयार झालेल्या पायकॅशची (पायथनच्या कंपाइल केलेल्या फायलींच्या फोल्डरांची) सरमिसळ झालेली असण्याची शक्यता मोठी. ती फोल्डरं पुसा.

साधं डीबगिंग, कोड त्या ओळीवर थांबवणाऱ्या ‘ब्रेकपॉइंट()’ने होतं. ‘कंपोज रन’ टर्मिनल आपोआप जोडतं. ‘डॉकर रन’ला मात्र ‘-आयटी’ द्यावंच लागतं, नाहीतर पीडीबीला (पायथनच्या अंगभूत डीबगरला) इनपुट मिळत नाही आणि तो लगेच बाहेर पडतो. टेस्ट समांतर चालवणारं एक्सडिस्ट लावलेलं असेल तर ‘-एन 0’ द्या. कंट्रोल-पी दाबून मागची कमांड येत नसेल, तर ती डॉकरच्या डिटॅच कळींची (कंटेनर चालू ठेवून बाहेर पडण्याच्या) पहिली कळ आहे म्हणून अडकते; ‘डॉकर रन’ला ‘--डिटॅच-कीज’ देऊन बदला किंवा वरचा बाण वापरा.

एडिटरमधून जोडायचं असेल तर डीबगपाय (एडिटरला जोडता येणारा पायथनचा डीबगर) इमेजमध्ये इन्स्टॉल करा आणि असं चालवा:

डॉकर कंपोज रन --आरएम -पी 127.0.0.1:5678:5678 ॲप पायथन -एम डीबगपाय --लिसन 0.0.0.0:5678 --वेट-फॉर-क्लायंट -एम पायटेस्ट टेस्ट्स/टेस्ट_बिल.पीवाय::टेस्ट_सवलत

यात दोन पत्ते वेगळे आहेत, ते मुद्दाम. कंटेनरच्या आतला 127.0.0.1 हा फक्त त्या कंटेनरचा स्वतःचा असतो. डीबगर तिथे ऐकत बसला तर बाहेरून आलेली जोडणी त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आत 0.0.0.0. बाहेर मात्र 127.0.0.1च ठेवा, कारण डीबगरला जोडलेला माणूस आत हवा तो कोड चालवू शकतो आणि हे पोर्ट नेटवर्कवर उघडं टाकणं धोक्याचं आहे. ‘कंपोज रन’ कंपोज फाइलमधले पोर्ट उघडत नाही. म्हणून ‘-पी’ इथेच द्यावं लागतं.

जोडणी झाली तरी ब्रेकपॉइंटवर थांबत नसेल तर पाथ मॅपिंग बघा: ‘लोकलरूट’ म्हणजे तुमच्या मशीनवरचं फोल्डर, ‘रिमोटरूट’ म्हणजे आतलं, उदाहरणार्थ ‘/ॲप’. तेही बरोबर असेल तर कव्हरेज (कोणत्या ओळी चालल्या ते मोजणारं साधन) बंद करा (‘--नो-कव्ह’). कव्हरेज आणि डीबगर दोघंही पायथनची तीच ट्रेस सोय वापरत असतील तर एकमेकांच्या आड येतात. नोडसाठी ‘--इन्स्पेक्ट-बीआरके=0.0.0.0:9229’, जेस्टला ‘--रनइनबँड’ (सगळ्या टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये). जावासाठी सहसा पोर्ट 5005, आणि जावा 9पासून पत्ता ‘*:5005’ असा द्या. नुसता आकडा दिला तर ते फक्त आतल्या लोकलहोस्टवर ऐकतं.

डीबगरशिवायही सुटणारे काही घोटाळे आहेत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर कोडमध्ये ‘लोकलहोस्ट’ राहिला आहे का बघा. तिथे ‘डीबी’ हवं. कंपोज फाइलमध्ये ‘डिपेंड्स_ऑन’ नुसतं लिहिलं तर डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्याचीच वाट बघितली जाते, पोस्टग्रेस तयार होण्याची नाही. ‘पीजी_इझरेडी’चा हेल्थचेक (सर्व्हिस तयार आहे का ते बघणारी तपासणी) लिहा आणि अट ‘सर्व्हिस_हेल्दी’ ठेवा. एक्झिट कोड 137 म्हणजे प्रोसेस सिगकिलने (जबरदस्तीने बंद करणाऱ्या सिग्नलने) मारली गेली. बहुतेकदा मेमरी संपलेली असते, ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएमकिल्ड’ बघा. ब्राउझरच्या टेस्टमध्ये क्रोम मध्येच कोसळत असेल तर शेअर्ड मेमरी तपासा. ती मुळात 64 एमबीच असते; ‘डॉकर रन’ला ‘--एसएचएम-साइझ=1जी’ द्या, कंपोज फाइलमध्ये ‘एसएचएम_साइझ’. तारखेची टेस्ट एका दिवसाने चुकत असेल तर टाइमझोन बघा, कंटेनर सहसा यूटीसीवर चालतो.

उरतो तो सगळ्यात चिवट प्रकार: एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर फेल. आधीची कुठली तरी टेस्ट मागे काही सोडून जाते. आधी डेटाबेसचा व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी टिकणारी डेटाची जागा) कोरा करा: ‘डॉकर कंपोज डाउन -व्ही’. यात त्या प्रोजेक्टच्या व्हॉल्यूममधला सगळा डेटा जातो, तेव्हा कामाचा डेटा वेगळ्या ठिकाणी आहे ना ते पाहा. तरीही फेल होत असेल तर फेल होणाऱ्या टेस्टच्या आधी चालणाऱ्या फायलींपैकी अर्ध्या द्या आणि शेवटी ती टेस्ट. पायटेस्ट दिलेल्या क्रमानेच चालवतं, फक्त क्रम ढवळणारं प्लगइन बंद हवं. फेल झाली तर दोषी त्या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्या अर्ध्यात. असं निम्मं-निम्मं करत गेलं की 64 फायलींतून एक सापडायला सहा फेऱ्या पुरतात.