ऑल-इन-वन उघडण्याआधीची तयारी

टॉवर कॅबिनेटचे मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा निघतो, आणि काही राहून गेलं तर पाच मिनिटांत पुन्हा काढता येतो. ऑल-इन-वनमध्ये, म्हणजे पडदा आणि संगणक एकाच यंत्रात असतात त्यात, ती सोय नाही. पडद्यामागच्या दोन-चार बोटं जागेत सगळा संसार मांडलेला असतो. नवी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवायला वेळ लागत नाही; वेळ जातो तो तिच्या जागेपर्यंत पोचण्यात, प्लॅस्टिकच्या क्लिपा, रिबन केबल्स आणि काही मॉडेलांत गोंदाच्या पट्ट्या यांच्याशी झटापट करण्यात. दर वेळी उघडताना एखादी क्लिप जाते, एखादी केबल ताणली जाते. म्हणून पुढची सगळी तयारी एकाच हिशेबाने मांडली आहे: यंत्र एकदाच उघडायचं, आणि उघडलं की जे जे करायचं ते त्याच बैठकीत उरकायचं.

आधी दुखणं कुठे आहे ते नक्की करा. ‘फार हळू चालतो’ ही तक्रार एकच, कारणं मात्र तीन-चार. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून रोजचं काम करत राहा आणि आकड्यांवर नजर ठेवा. डिस्क सतत १०० टक्क्यांना टेकलेली आणि प्रोसेसर निवांत, तर गुन्हेगार हार्ड डिस्क. मेमरी ९० टक्क्यांच्या वरून खाली येतच नसेल तर रॅम तोकडी. काम वाढल्यावर प्रोसेसरचा वेग उलट खाली येत असेल आणि पंखा घोंघावत असेल तर आत धूळ साचली आहे, किंवा प्रोसेसरची उष्णता ओढून नेणारी थर्मल पेस्ट सुकून खडखडीत झाली आहे. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये दिसते. तिथे ‘रीअलोकेटेड सेक्टर’ (खराब निघाल्याने बदललेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (शंकास्पद जागा) या दोन ओळी बघा. दोन्ही शून्य असल्या तर उत्तम. नसतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डेटा वाचवायला घ्या. त्या प्रोग्रॅममधले मूळ आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, येतात, तेव्हा ‘१०’ दिसले की ते सोळा समजायचे.

यंत्र सुरूच होत नसेल तर तपासणी पॉवर अ‍ॅडॉप्टरपासून करा. बऱ्याच ऑल-इन-वनना लॅपटॉपसारखा बाहेरचा अ‍ॅडॉप्टर असतो, आणि तो गेला की अख्खं यंत्र मेल्यासारखं वाटतं. मल्टिमीटर लावून अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट खरोखर येतात का बघा. यंत्र चालू होतंय, आवाजही येतोय, पण पडदा काळा, असं असेल तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, त्यामागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, गेला आहे. बाहेरचा मॉनिटर जोडून बघणार असाल तर पोर्टवर काय लिहिलंय ते वाचा. काही ऑल-इन-वनवरचा एचडीएमआय पोर्ट फक्त आत येणाऱ्या चित्रासाठी असतो, त्यातून बाहेर काहीच जात नाही. दर वेळी तारीख मागे जात असेल तर बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) सेल संपला आहे. तो स्वस्त असतो, म्हणून तक्रार नसली तरी यादीत घालाच.

मग खरा प्रश्न: एवढा खटाटोप करावा का? माझं मत असं, की दुखणं डिस्क, रॅम, धूळ, सेल किंवा अ‍ॅडॉप्टर एवढ्यात असेल तर जरूर करा. मदरबोर्डला डकवलेली ग्राफिक्स चिप मेली असेल किंवा पॅनेल फुटलं असेल तर सहसा थांबावं. बोर्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचे व्हिडिओ दिसतात. त्यातून मिळालं तर काही दिवसांचं आयुष्य मिळतं आणि ओव्हन कायमचा वाया जातो. ऑपरेटिंग सिस्टिमचाही विचार आत्ताच करा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच त्याच्या अधिकृत यादीत आहेत. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम किंवा तत्सम काही टाकायची तयारी असेल तर ते अजून बरीच वर्षं पत्र, हिशेब, ब्राउझिंग, व्हिडिओ यांना पुरेल. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा, टचस्क्रीन चालतात का बघा. पसंत पडलं तरच पैसे खर्च करा.

आता मॉडेल. समोर झळकणारं नाव उपयोगाचं नाही. मागच्या किंवा स्टँडखालच्या लेबलवरचा पूर्ण नंबर उतरवून घ्या. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या आपल्या सर्व्हिस मॅन्युअलच्या पीडीएफ मोफत देतात. त्यात कोणता स्क्रू कुठला, क्लिपा कोणत्या बाजूने सोडवायच्या, रॅम जास्तीत जास्त किती चालते, सगळं असतं. मॅन्युअल मिळेपर्यंत स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका.

आयमॅक (अ‍ॅपलचा ऑल-इन-वन) असेल तर ही पायरी दुप्पट काळजीने करा, कारण बाहेरून सारखे दिसणारे आयमॅक आतून फार वेगळे निघतात. ए१४१८ हा एकच नंबर २०१२ ते २०१७ पर्यंतच्या साडेएकवीस इंची आयमॅकवर आहे. नुसत्या त्या नंबरावर भाग मागवले तर फसगत ठरलेली, म्हणून वर्षही बघा. २००९ ते २०११ च्या मॉडेलांत समोरची काच लोहचुंबकांनी धरलेली असते. दोन सक्शन कप लावले की उचलून येते. २०१२ च्या अखेरीपासून काच आणि पॅनेल एकजीव झाले आणि कडेने गोंदाच्या पट्ट्या आल्या. सत्तावीस इंचीला मागे रॅमची छोटी खिडकी आहे, तिथे काहीच उघडावं लागत नाही. २०१२ नंतरच्या साडेएकवीस इंचीला ती खिडकी नाही. रॅम बोर्डच्या मागल्या अंगाला असल्यामुळे अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो, आणि २०१५ च्या मॉडेलात तर रॅम बोर्डलाच डकवलेली, म्हणजे विषयच संपला. २०११ च्या आयमॅकची आणखी एक खोड आहे. डिस्कचं तापमान तो डिस्कच्याच पॉवर जोडणीतून वाचतो. साधी डिस्क लावली की त्याला तापमान कळत नाही आणि तो पंखा पूर्ण वेगाने सोडतो. त्यासाठीची सेन्सर केबल आधीच मागवून ठेवा.

सुटे भाग मागवताना रॅम आधी. जवळजवळ सगळ्या ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपची आखूड रॅम लागते, डेस्कटॉपची लांब पट्टी नव्हे. डीडीआर३ च्या आखूड पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०. खाचेची जागाही वेगळी, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. घोळ होतो तो डीडीआर३ आणि डीडीआर३एल मध्ये. दिसायला दोन्ही सारख्या, पण एक १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर. एल असलेली पट्टी सहसा दोन्हीकडे चालते, तेव्हा शंका असेल तर तीच घ्या. दोन स्लॉट असतील तर ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन बऱ्या, कारण प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो.

डिस्कच्या जागी बहुतेक वेळा अडीच इंची साटा (डिस्क जोडायची नेहमीची जोडणी) एसएसडी लागेल. मूळ डिस्क साडेतीन इंची असेल तर मधली कंस-पट्टी लागते, नाहीतर नवी एसएसडी आत लोंबकळत राहते. जुन्या बोर्डवर साटाची दुसरीच पिढी असली, म्हणजे वेग सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या आतच राहणार असला, तरी हिरमुसू नका. यंत्र चपळ वाटतं ते विखुरलेल्या बारीकसारीक फायली झटकन सापडतात म्हणून. मोठ्या फायलीचा सरळ वेग त्यात गौण. एम.२ स्लॉट (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची खाच) असेल तर तो साटा एम.२ घेतो की एनव्हीएमई हा वेगवान प्रकार, हे मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय मागवू नका. वायफाय कार्ड बदलायचा विचार असेल तर सावध राहा: काही जुन्या यंत्रांचा बायोस ठरावीक कार्डंच ओळखतो आणि दुसरं दिसलं की सुरूच होत नाही. या सगळ्याबरोबर सीआर२०३२ सेल, थर्मल पेस्ट, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि आयमॅक असेल तर त्याच मॉडेलच्या गोंदपट्ट्यांचा संच, एवढं टेबलावर आलं की मगच दिवस ठरवा.

डेटाच्या दोन प्रती काढा, त्यातली एक या यंत्राबाहेर दुसरीकडे उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणून समाधान मानू नका, फोटोंचं एखादं फोल्डर आणि दोन-चार कागदपत्रं खरंच उघडतात का ते पाहा. डिस्क आजारी असेल तर आधी महत्त्वाचं तेवढं काढून घ्या आणि मगच अख्ख्या डिस्कची नक्कल करायला जा. अशा डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर चांगलं, कारण ते वाईट जागा तात्पुरत्या सोडून चांगल्या जागा आधी वाचून घेतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं साधन) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. हार्डवेअर किंवा बायोस बदलला की ती मागितली जाऊ शकते, आणि ती नेमकी त्याच डिस्कवर ठेवलेली असते.

डिस्क ठणठणीत असेल तर नक्कल यंत्र उघडण्याआधीच करता येते. नवी एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून जोडा, क्लोनझिला हा नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवा. मी मात्र कोरी सिस्टिम टाकण्याच्या बाजूचा. दहा वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर कशाला? त्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून याच यंत्रावर एकदा बूट करून बघा. बायोसचं अपडेट असेल तर तेही आत्ताच, यंत्र धडधाकट असताना. आणि इथवर आल्यावर एक गोष्ट करून बघाच: यूएसबी ३ पोर्ट असेल तर सिस्टिम बाहेरच्या एसएसडीवरच टाकून चार दिवस वापरा. कित्येकांचं काम तेवढ्यावरच भागतं आणि गोंदपट्ट्यांचा संच तसाच पाकिटात राहतो.

हत्यारं फारशी लागत नाहीत. चौफुलीचे दोन लहान स्क्रूड्रायव्हर, आयमॅकसाठी टी८ आणि टी१० टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचं टोक), प्लॅस्टिकच्या पात्या किंवा जुनी कार्डं, चिमटा, मऊ ब्रश. धातूचं पातं क्लिपांत घालू नका. क्लिप तुटते ती तुटते, वर पडद्यावर ओरखडा. पडदा पालथा ठेवायला जाड टॉवेल हवा, आणि त्याखाली एकही सुटा स्क्रू नको. एका कोऱ्या कागदावर यंत्राची मागची बाजू ढोबळ काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला तर तो पलीकडे पॅनेलला टोचू शकतो.

वीज तोडा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. आतमध्ये उघडा पॉवर सप्लाय असेल, जसा आयमॅकमध्ये असतो, तर त्या बोर्डला हात लावायचा नाही. वायर काढल्यावरही त्यावरच्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका विजेचा दाब उरतो. जुन्या पडद्यांच्या ट्यूब बॅकलाइटला वीज पुरवणारा इन्व्हर्टरही चालू असताना शेकडो व्होल्ट काढतो.

सगळ्यात नाजूक क्षण केबल सोडवण्याचा. गोंद कापलेल्या आयमॅकची काच वरच्या कडेने थोडीशीच पुढे झुकवायची आणि फटीतून हात घालून आधी पडद्याच्या दोन केबल्स सोडवायच्या. त्यातल्या चित्राच्या केबलवर तारेची बारीक कडी असते. ती आधी उलटी पाडायची, मग प्लग बोर्डला समांतर, सरळ रेषेत मागे ओढायचा, वर उचलायचा नाही. इतर ऑल-इन-वनमधल्या चपट्या रिबनच्या सॉकेटला काळी किंवा पांढरी झडप असते. ती नखाने उभी केली की रिबन आपोआप सैल होते. जोर लावावा लागतोय म्हणजे झडप अजून बंद आहे.

उघडलं आहे तर धूळ पूर्ण काढा. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये पंख्याच्या बाजूने फेल्टसारखा जाड थर बसलेला असतो. तो नुसत्या हवेने जात नाही, चिमट्याने सोलून काढावा लागतो. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो भिंगरीसारखा फिरू देऊ नका. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याहून थोडी कमीच नवी लावा. सेल बदला, वायफायच्या बारीक तारा नीट बसल्यात का दाबून बघा.

आणि बंद करायची घाई नको. मागचं कव्हर न लावता, किंवा आयमॅकची काच कागदी चिकटपट्टीने तात्पुरती धरून, यंत्र चालू करा. बायोसमध्ये रॅम पूर्ण दिसते का, डिस्क एएचसीआय मोडमध्ये (साटा डिस्क वापरण्याची नेहमीची पद्धत) आहे का, पंखे फिरतात का बघा. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ ची एक फेरी पूर्ण होऊ द्या. रात्रभर लागली तरी चालेल. मग सिस्टिम टाकून आवाज, कॅमेरा, प्रत्येक यूएसबी पोर्ट, वायफाय तपासा. सगळं एक-दोन दिवस सुरळीत चाललं की मगच पट्ट्यांचा कागद सोला आणि काच दाबा.

जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती महिनाभर तशीच ठेवा. कुठली तरी फाइल तिच्यावर राहिलेली असतेच, आणि ती आठवते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात.