स्टेपनीसकट सगळी चाकं : जुनी गाडी ट्रेलरवर घालून नेण्याआधी

निघायला सहा आठवडे असतानाच टायरकडे वळा. इंजिनाचं आयत्या वेळी काहीतरी जुळवता येतं, पण जुन्या गाडीच्या मापाचा टायर मागवला की तो कधी हातात पडेल याचा नेम नसतो. आपण हौशी लोक क्रोम घासतो, कार्ब्युरेटर उघडतो, सीटच्या शिलाईवर तासभर बोलतो आणि टायरकडे मात्र उभ्याउभ्या नजर टाकून "अजून नवाच आहे की" म्हणून मोकळे होतो. वर्षाला पाच-सातशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा टायर झिजणार तरी कधी? तो जागच्या जागी म्हातारा होतो. नक्षी भरपूर शिल्लक आणि आतलं रबर संपलेलं, अशी त्याची गत असते.

तेव्हा एक वही, टॉर्च आणि मोबाइल घेऊन जमिनीवर बसा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक लांब ओळ असते, तिच्या शेवटचे चार अंक टिपा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. तारखेसकट पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू हमखास आत गेलेली असते. गाडीखाली शिरण्यापेक्षा मोबाइल धरलेला हात आत घाला आणि फोटो काढा. चारऐवजी तीनच अंक सापडले तर टायर 2000 सालाआधीचा आहे. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ टायरांवर त्या अंकांपुढे एक बारीक त्रिकोणही असतो. पण नेमकं दशक कोणतं याचा शोध घेत बसू नका, तो टायर उतरवा. गाडीची चार चाकं, ट्रेलरची चार, ओढणाऱ्या गाडीची चार आणि तिन्हींच्या स्टेपन्या, असे पंधरा आकडे वहीत आले पाहिजेत. स्टेपन्या सोडून बाराच लिहिणारे बरेच भेटतात.

आता वय किती चालेल? एकच आकडा सगळीकडे मान्य नाही. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, मग नक्षी कितीही असो. टायर बनवणारे साधारणपणे पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांपलीकडे वापरू नका असं सांगतात. दहा वर्षं मोजायची ती तयार झाल्या तारखेपासून, बसवल्या तारखेपासून नव्हे. जर्मनीत ट्रेलर ओढताना नेहमीच्या ताशी 80 किलोमीटरऐवजी 100 ची परवानगी हवी असेल, तर ट्रेलरचे टायर सहा वर्षांच्या आतलेच लागतात. ब्रिटनमध्ये 2012 च्या सप्टेंबरात एका संगीत महोत्सवाहून परतणारी बस हाइंडहेडजवळ पुढचा टायर फुटून रस्त्याबाहेर गेली आणि तिघांचा जीव गेला. तो टायर 19 वर्षांचा होता, खुद्द बसपेक्षाही जुना. त्या वेळी तिथे टायरच्या वयाला कायद्याची मर्यादाच नव्हती. 1 फेब्रुवारी 2021 पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या धुऱ्यावर दहा वर्षांहून जुना टायर चालत नाही. माझा स्वतःचा हिशेब याहून कडक आहे : ट्रेलरला सहा वर्षं, गाडीला आठ, आणि सहानंतर दर वर्षी टायर रिमवरून उतरवून आतून पाहायचा. हा माझा हिशेब, कायदा नव्हे.

हे वय टायरला चढतं कसं, ते कळलं की तपासताना नजर आपोआप योग्य जागी जाते. रबर दोन बाजूंनी खाल्लं जातं. बाहेरून हवेतला ओझोन आणि ऊन, त्यातून साइडवॉलवर केसासारखे तडे पडतात. ते रोखायला रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभीच राहिली की हे झिरपणं मंदावतं. म्हणून रोज पळणाऱ्या टॅक्सीच्या साइडवॉलपेक्षा मखमली कापडाखाली जपलेल्या गाडीची साइडवॉल आधी तडकलेली दिसते. दुसरा मार आतून बसतो आणि तो दिसत नाही. टायरमधली हवा दाबाखाली असते, तिच्यातला ऑक्सिजन अस्तरातून रबरात शिरत राहतो आणि नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर कडक, ठिसूळ करतो. पट्ट्यांच्या कडांपासून थर सुटायला लागतात आणि एक दिवस वेगात असताना वरची सगळी नक्षी सालीसारखी निघून येते. उष्णतेत हे झपाट्यानं होतं. हवा भरून टांगलेली स्टेपनी एक किलोमीटरही न धावता म्हातारी होते, ती यामुळेच.

तपासणी हातानं करा. टायरवरून तळवा फिरवताना कुठे उंचवटा, कुठे मऊ टेंगूळ लागतं का बघा. नक्षीच्या खाचांचा तळ टॉर्चनं बघा, तिथला तडा साइडवॉलवरच्या तड्याहून वाईट, कारण त्याच्या खालीच पट्ट्या असतात. खाचेत शिरलेलं पाणी पोलाद गंजवतं. चाक उचलून हळू फिरवा आणि नक्षी एका जागी वर येते किंवा बाजूला सरकते का, ते स्थिर खुणेसमोर धरून पाहा. चकचकीत दिसावा म्हणून टायरला तेलकट पॉलिश लावायची सवय असेल तर ती सोडाच. पेट्रोलियम असलेली पॉलिशं रबराला अपाय करतात, वर तडेही झाकतात. मात्र सगळं नीट दिसलं म्हणून वहीतला आकडा रद्द होत नाही. आतून सुटत चाललेला थर बाहेरून दिसेलच असं नाही.

ट्रेलरवर थोडा जास्त वेळ घालवा. गाडीचा टायर बिघडला तर स्टिअरिंग थरथरतं, सीटखाली धपधप जाणवते. ट्रेलरचा बिघडला तर पुढे बसलेल्याला काहीच कळत नाही, मागून येणारा हॉर्न मारतो तेव्हा कळतं. तोवर निघालेल्या सालीनं मडगार्ड फाडलेलं असतं, दिव्यांच्या वायरी आणि ब्रेकची नळीही ओढून नेलेली असते. दोन धुऱ्यांच्या ट्रेलरचे टायर वळणावर आडवे घासत जातात, कारण चार चाकं एकाच वर्तुळावर नीट वळू शकत नाहीत, आणि हा ताण थेट त्या पट्ट्यांवर येतो. वर्षातले दहा-अकरा महिने उन्हात एकाच जागी उभं राहायचं आणि मग एका दिवशी पूर्ण वजन घेऊन वेगात धावायचं, अशी त्यांची जिंदगी.

मलाही हे फुकट कळलेलं नाही. एकदा ट्रेलरचा मागचा उजवा टायर गेला, स्टेपनी चढवली, आणि तासाभरात त्याच बाजूचा पुढचा फुटला. एका टायरची हवा गेली की त्या बाजूचं जवळजवळ सगळं वजन शेजाऱ्यावर जातं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन्ही टायरांची नक्षी जेमतेम झिजलेली होती. घरी येऊन अंक वाचले तर दोघंही अकरा वर्षांचे निघाले. तेव्हापासून एक टायर फुटला की शेजारचाही मी बाद धरतो.

नवे घेताना दुकानातच तारीख वाचा. गोदामात वर्षानुवर्षं पडून असलेला कोरा टायर 'जुना माल, पण न वापरलेला' म्हणून कौतुकानं विकला जातो. तो प्रदर्शनात उभ्या गाडीला शोभेल, रस्त्यावर त्याचा भरवसा नाही. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, बघा : 91 म्हणजे 615 किलो, 100 म्हणजे 800 किलो, एका टायरमागे. त्यापुढचं अक्षर वेगाचं, एल म्हणजे ताशी 120 किलोमीटर, एन म्हणजे 140. अमेरिकी पद्धतीच्या, 'एसटी' ('स्पेशल ट्रेलर') छाप ट्रेलर टायरवर वेगाचं अक्षर नसेल तर मर्यादा ताशी 105 किलोमीटरच्या आसपास धरतात. जुन्या गाडीला मूळचे क्रॉस-प्लाय (आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे) हवेत की रेडियल (धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ), हा वाद रंगवायला छान आहे. पण एकाच धुऱ्यावर दोन्ही जाती कधीच नकोत. नाइलाजानं मिसळायचेच झाले तर रेडियल मागे. तारांच्या चाकांना ट्यूब लागते. ट्यूब आणि आतली रबरी पट्टीही टायरबरोबरच बदला, कारण त्यांचंही रबरच आहे. व्हॉल्व्ह तर नवाच हवा. ट्रेलरच्या जास्त दाबाला धातूचा, नटानं आवळलेला व्हॉल्व्ह घ्या.

निघायच्या आदल्या आठवड्यात ट्रेलर गाडी, हत्यारं, जॅक, स्टेपनी, सगळं लादून वजनकाट्यावर न्या. समजा आकडा 2000 किलो आला. चार टायरांवर सरासरी पाचशे पडतात (थोडा भार हुकावर जातो), पण गाडी तिरकी चढवली असेल तर एका बाजूच्या टायरांवर प्रत्येकी सहाशेही होतात. मग 615 च्या टायरला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. गाडी पुढेमागे सरकवून भार सारखा करा आणि ती जागा ट्रेलरच्या फळीवर रंगानं आखून ठेवा.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. ट्रेलरला उत्पादकानं त्या वजनासाठी सांगितलेला पूर्ण दाब द्या. कमी हवेचा टायर वाकून वाकून तापतो, आणि म्हाताऱ्या टायरला तापणंच मारतं. तापमान दहा अंश सेल्सिअस उतरलं तर दाब दीड-दोन पीएसआयनं उतरतो, म्हणून आठवड्यापूर्वीची हवा धरून चालू नका. नट तिरपे, समोरासमोर आवळा. चाक काढून बसवलं असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. ट्रेलरच्या नटांना तुमचाच पाना बसतो का, जॅक ट्रेलर उचलतो का, हे घराच्या अंगणात करून बघा. सोबत ठोकळे, हातमोजे, चमकणारं जॅकेट.

वाटेत पहिला थांबा अर्ध्या तासात घ्या. प्रत्येक टायरजवळ हात न्या, जमलं तर इन्फ्रारेड तापमापकानं मोजा. एकटाच बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर हवा, ब्रेक किंवा बेअरिंग यांपैकी काहीतरी बिघडलंय. ट्रेलरवर दाब दाखवणारे सेन्सर बसवलेत तर उत्तमच, पण सुटत चाललेला थर त्यांनाही दिसत नाही. टायर फुटलाच तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, पाय हळू उचला, गाडी स्वतःहून मंदावू द्या आणि मग बाजूला घ्या.

घरी परतल्यावर ट्रेलर सावलीत, टायरांवर आच्छादन घालून ठेवा, खाली तेल सांडलेलं नको. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर ती स्टँडवर उचला, किंवा हवा थोडी वाढवून महिन्यातून एकदा वीतभर पुढेमागे करा, म्हणजे टायरला एकाच जागी सपाटपणा येत नाही. वेल्डिंगचं यंत्र किंवा सतत चालणारी मोटर त्याच शेडमध्ये नको, त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो.

आणि उतरवलेले टायर. नक्षी चांगली दिसते म्हणून ते कुणीतरी मागायला येतंच, "माझ्या हातगाड्याला होतील." हातगाड्यावरून ते पुढे कुठे जातात ते आपल्याला कळत नाही. म्हणून देण्याआधी मी साइडवॉलला ड्रिलनं दोन ठिकाणी आरपार भोकं पाडतो.