घरच्या स्विमिंग पूलचा वर्षाचा खर्च कसा काढावा

पूल बांधायला किती लागतील हे कंत्राटदार सांगतोच. दर महिन्याला किती जातील हे मात्र कोणी धड सांगत नाही, आणि ‘काही नाही हो, थोडी पावडर टाकायची’ म्हणणाऱ्यानं स्वतः एकही उन्हाळा पूल सांभाळलेला नसतो. तळेगावजवळच्या बंगल्यातला आमचा पूल मी नऊ वर्षं सांभाळतोय.

आधी लिटर काढा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणा, मग १००० नं गुणा. आमचा ८ बाय ४, खोली सव्वा मीटर, म्हणजे ४०,००० लिटर. दहा हजारी टँकर चार. टँकरचा दर मे महिन्यातला धरा, ऑगस्टमधला नको.

वीज : एक एचपीचा पंप सहा तास चालला की रोज पाचेक युनिट, महिन्याला दीडशे. हे युनिट घरच्या वापरावर चढतात, त्यामुळे ते महावितरणच्या वरच्या स्लॅबच्या दरानं मोजा. सरासरी दर लावलात तर फसाल.

आता क्लोरीन. इथेच मी तोंडावर आपटलो.

आपल्याकडे सर्रास टीसीसीए वापरतात, पांढरे दाणे किंवा गोळ्या. त्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून ३० ते ५० पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) हवंच. पण क्लोरीन संपतं, हे ॲसिड पाण्यातच राहतं. हिशेब बघा : उन्हाळ्यात रोज २ पीपीएम क्लोरीन लागलं, तर आमच्या पुलाला साधारण ९० ग्रॅम टीसीसीए. त्यातून ॲसिड वाढतं रोज सव्वा पीपीएमच्या आसपास, महिन्याला छत्तीसेक. मार्चमध्ये ताजं पाणी भरलंत तर मेअखेर शंभरी पार. मग क्लोरीन असूनही काम करत नाही.

मी आपटलो त्या मे महिन्यात पाहुणे यायचे होते आणि पाणी हिरवं. चाचणीच्या नळीत थेंब टाकला की पिवळाधमक रंग, म्हणजे क्लोरीन भरपूर. पूलवाला म्हणे, ‘साहेब, ऊन जास्त आहे, अजून पाच किलो टाकू.’ टाकलं. मग मोरचूद टाकलं. पाणी हिरवंच, वर भाचीच्या केसांवर हिरवट झाक आली, ते ताईनं अजून विसरू दिलेलं नाही. शेवटी सायन्युरिक ॲसिडची चाचणी केली : नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो, चाचणीचं रसायन घालून गढूळ झालेलं पाणी ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. जितक्या लवकर दिसेनासा, तितकं ॲसिड जास्त. आमचा ठिपका नळी अर्धीही भरायच्या आत गडप!

यावर पावडर नाही. अर्धं पाणी काढून नवं भरायचं, म्हणजे दोन टँकर. ‘वाफ होते तेवढं रोज भरतोच की’ म्हणू नका. वाफ पाण्याची होते, ॲसिड मागेच राहतं. म्हणून क्लोरीनच्या खात्यातच उन्हाळ्याचे दोन टँकर लिहून टाका. नाहीतर माझ्यासारखं करा : ॲसिड चाळीसवर पोचेपर्यंत टीसीसीए, पुढे लिक्विड क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट), त्यात हे ॲसिड नसतं. उष्णतेनं त्याचा जोर उतरतो, तेव्हा कॅन आठवड्यापुरतेच आणा. त्यानं पीएच चढतो, तो ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायला अधूनमधून थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, तेही खर्चात धरा. आणि टीसीसीएच्या डब्यात ब्लीचिंग पावडर चुकूनही मिसळू नका, एकच चमचा दोन्हींत घालू नका. विषारी वायू सुटतो, स्फोटही होतो.

बॅकवॉशला, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायला, दर वेळी काहीशे लिटर जातात. फिल्टरची वाळू काही वर्षांनी बदलावी लागते.

एप्रिल-मेमध्ये एवढ्या पुलातून रोज दोनेकशे लिटर वाफेनं जातं. त्याहून जास्त उतरतंय असं वाटलं तर पंप बंद करा, पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, आतली-बाहेरची पातळी खडूनं आखा. चोवीस तासांत बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळती आहे. टाइल्स उकलायच्या असतील तर फेब्रुवारीत. पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा केला तर जमिनीतलं पाणी खालून रेटतं, तळ उचलला जातो, तडकतो, आणि कंत्राटदाराचं कोटेशन पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होतं.