तुराट्या नुसत्या पेटवू नका, बायोचार करा

तुरीची मळणी उरकली, बांधाला तुराट्यांचे ढीग लागलेत. डाळिंबाच्या छाटणीच्या काड्याही वाळल्या. सोलापूर भागात हा माल बहुतेकदा काडी लावून मोकळा करतात. त्याऐवजी पावसाळ्याआधी त्याचा बायोचार, म्हणजे जमिनीत मिसळण्यासाठी कमी हवेत जाळलेला कोळसा, करून ठेवा. कडब्याला मात्र हात लावू नका, तो जनावरांचा घास. उसाचं पाचटही सरीतच कुजवलेलं बरं. तेल्या रोग आलेल्या डाळिंबाच्या काड्या मात्र जाळात आधी घाला.

खड्डा वर पाच फूट रुंद, तीन फूट खोल, तळाला निमुळता. गंजीपासून लांब, वारा पडलेला असताना. तळात बारीक काड्यांचा जाळ करा. वरच्या काड्यांवर पांढुरकी राख धरू लागली की लगेच पुढचा पातळ थर टाका. जाळ वरच राहतो आणि खालच्या थराला हवा मिळत नाही. घाईने भाराच टाकला तर धूर कोंडतो. उशीर केला तर राख हाती येते. खड्डा भरला की दोन बॅरल पाणी ओतून, हलवून पुरता विझवा. नुसती माती लोटली तर आत निखारा धुमसत राहतो. चांगला तुकडा हलका असतो, मोडताना वाजतो, बोटांना लागलेली काजळी साध्या पाण्याने जाते. तेलकट लागला तर कच्चा समजा.

आता खरी अडचण. आपल्या जमिनी चुनखडीच्या, सामू (pH) बऱ्याच ठिकाणी आठच्या वर, आणि बायोचारही अल्कधर्मी. आम्लधर्मी जमिनीतले उत्पादनवाढीचे परदेशी आकडे इथे चालत नाहीत. चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या, रानात माती परीक्षणाशिवाय टाकूच नका. भारी काळी जमीन पाणी धरतेच; फरक दिसला तर सांगोल्याकडच्या मुरमाड माळावर दिसेल.

शिवाय टनभर वाळल्या तुराट्यांतून निघतो जेमतेम दोन-अडीच क्विंटल. एवढ्याशा मालानं एकर झाकायला जाऊ नका, मुळाशीच द्या. तोही कोरडा नको. कोरडा कोळसा जमिनीतला नत्र स्वतःकडे ओढतो नि पीक पिवळं पडतं. बारीक कुटून तेवढ्याच कुजलेल्या शेणखतात मिसळा, गोमूत्र किंवा जीवामृत शिंपडा, ढीग सावलीत तीन आठवडे ओलसर ठेवा. मग डाळिंबाच्या झाडामागे किलो-दोन किलो मिश्रण ड्रिपरखाली चार इंच मातीत कालवा. पहिल्या वर्षी बागेच्या एका कोपऱ्यातच करा आणि शेजारची ओळ तशीच सोडा, म्हणजे पावसाच्या खंडात कोणती झाडं आधी सुकतात ते कळेल.