मैदानावरच्या सरांचा स्मृतिलेख कसा लिहावा

सोलापुरात मुलांना खो-खो किंवा कबड्डी शिकवणारे बरेचसे सर पोटापाण्यासाठी दुसरेच काही करत आले आहेत. कोणी गिरणीत जॉबर होते, कोणी यंत्रमागावर, तर कोणी एखाद्या कचेरीत कारकून. मैदान हे त्यांचे संध्याकाळचे, बिनपगारी काम. असे गृहस्थ गेले की तेराव्याच्या आत ‘पानभर काहीतरी लिहून द्या’ अशी जबाबदारी मुलावर, पुतण्यावर किंवा एखाद्या जुन्या खेळाडूवर येते आणि ‘प्रेमळ, शिस्तप्रिय, मनमिळाऊ’ एवढ्यावर लेख आटोपतो. ही विशेषणे खोटी नसतात, पण ती कोणाच्याही नावापुढे लावता येतात. म्हणून विशेषणे बाजूला ठेवून त्या माणसाचा दिवस कसा जात असे, हे आधी शोधावे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल, तर ती लिहिण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना जरूर विचारावे, कारण त्या पिढीतील कितीतरी मुलांची खरी तारीख माहीत नसल्यामुळे शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकून दिलेली आहे. लग्नपत्रिका, नोकरीचे कागद, स्पर्धांची प्रमाणपत्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे एकत्र करून सालांप्रमाणे लावावीत. प्रमाणपत्रावर १४, १७ किंवा १९ वर्षांखालील असा वयोगट आणि साल असते, तेवढ्यावरून कोणती तुकडी केव्हा खेळली हे कळते. सर संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून गेले होते, व्यवस्थापक म्हणून की पंच म्हणून, हेही त्याच कागदांवरून पडताळावे. आदरापोटी दिलेली बढती जुन्या खेळाडूंच्या लगेच लक्षात येते.

कागद नसेल तेथे प्रसंगांचा आधार घ्यावा. घरच्यांना साले आठवत नाहीत, पण ‘भूकंपानंतरच्या गड्ड्यात संघ बाहेरगावी होता’ हे पक्के आठवते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संक्रांतीच्या सुमारास भरते, म्हणजे ती स्पर्धा जानेवारी १९९४ मधली. १९७२ च्या दुष्काळावरूनही अशीच बरीच साले जुळवता येतात.

यानंतर माणसांना भेटावे, आणि खरा वेळ येथेच द्यावा. ‘सर कसे होते?’ या प्रश्नाला ‘फार चांगले होते’ यापलीकडे उत्तर येत नाही. त्याऐवजी मैदानावर फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) कोण मारत असे, चुकीचा खो गेला तर सर काय ओरडत, खांबावर सूर मारताना गुडघा फुटला तर दवाखान्यात कोण नेत असे, पावसाळ्यात सराव कोठे होई, असे लहान प्रश्न विचारावेत. खेळाडू कोट्यातून पोलिसात लागलेला मुलगा सरांविषयी भरभरून बोलतोच. मात्र आपल्याकडे रूढ असलेल्या नियमाप्रमाणे खो-खोच्या संघात बारा जण असले तरी मैदानात नऊच उतरतात. उरलेल्या तिघांपैकी निदान एकाला गाठावे. ज्याला फारशी संधी मिळाली नाही तो वीस वर्षांनंतरही सरांना नमस्कार करायला घरी येत असेल, तर त्यामागचे कारण कोणत्याही चषकापेक्षा अधिक सांगून जाते. तो येत नसेल तर तेही समजून घ्यावे, लेखात घालायचे की नाही ते नंतर ठरवता येते.

आपल्याकडे मैदानावरची भाषा एकच नसते. शहराच्या पूर्व भागातील मुलांशी तेलुगूत, कोणाशी कन्नडमध्ये, कोणाशी दखनीत बोलणारे सर असतील, तर त्यांचे एखादे वाक्य ज्या भाषेत निघाले त्याच भाषेत, देवनागरीत लिहून पुढे मराठी अर्थ द्यावा. सरांचे बोलणे सुधारून प्रमाण मराठीत बसवू नये.

आता घराची बाजू. असे लेख बहुधा येथेच कमी पडतात, कारण ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ या एका वाक्यात तीस-पस्तीस वर्षांच्या संध्याकाळी गुंडाळल्या जातात. मैदानावर दिलेला प्रत्येक तास घरातून गेलेला असतो. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या या शहरात पाण्याच्या दिवशी सर मैदानावर असतील, तर हंडे कोणी भरले? संघ परगावी निघाला की वाटेत टिकतील म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली जाई. त्या भाकरी थापायला पहाटे कोण उठत असे आणि ज्वारीचे पैसे कोणाच्या खिशातून जात? स्वतःच्या मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला सर पोहोचले का? हे काकूंना शांतपणे, त्यांच्या सवडीने विचारावे. त्यांनी तक्रार केली तर ती गाळण्याची घाई करू नये. त्या स्वतः ‘लिहा’ म्हणाल्या, तर ती लेखात अवश्य यावी, कारण त्याशिवाय कुटुंबवत्सल या शब्दाला आधार राहत नाही.

लिहिताना जन्मापासून आरंभ करण्याची गरज नाही. संध्याकाळी कामावरून सुटून सर मैदानावर पोहोचतात तेथून आरंभ करावा, मग घर, बालपण, नोकरी हे ओघाने येऊ द्यावे. ‘ते वक्तशीर होते’ असे न लिहिता ‘पाचच्या सरावाला ते पावणेपाचला येऊन स्वतः दगड वेचत’ असे लिहावे, अर्थात तसे घडले असेल तरच. संघटनेतील जुनी भांडणे, आजारपणाचे तपशील आणि कर्ज यांना या लेखात जागा नाही. नावाआधी कै., लिंगैक्य (लिंगायत समाजात) किंवा मरहूम (मुस्लिम समाजात) यांपैकी काय लावायचे हे कुटुंबाला विचारूनच ठरवावे.

शोकसभेत वाचायचा लेख सहाशे शब्दांच्या आत असावा, तो साधारण पाच मिनिटांत वाचून होतो. वर्तमानपत्रासाठी त्याचा निम्मा करावा लागतो, तेव्हा पदांची यादी कापावी आणि प्रसंग ठेवावेत. छापायला देण्यापूर्वी काकूंना आणि एका जुन्या खेळाडूला तो मोठ्याने वाचून दाखवावा, नावे व साले तेथेच दुरुस्त होतात. गोळा झालेली छायाचित्रे परत करण्याआधी त्यांतील मुलांची नावे ओळखणाऱ्यांकडून विचारून घ्यावीत आणि मागच्या बाजूस शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. पेनाची शाई कालांतराने पुढे उमटते.